वाचक विचारतात : रिसर्च जमतो, सांगणं जमत नाही

मागच्या अंकात इंदूरच्याच एका मुलीचं पत्र छापलं होतं. सेमिनारमध्ये तिने एक मुद्दा मांडला तेव्हा सगळे गप्प, आणि थोड्या वेळाने तोच मुद्दा एका मुलाने मांडला तर वा वा झाली, असं ते पत्र. त्यावर इतकी पत्रं आली, मेल, व्हॉट्सअ‍ॅप, एक तर चक्क पोस्टकार्ड, की या वेळचा कॉलम पूर्ण त्यालाच देऊन टाकला. लोणच्याला बुरशी का येते आणि केस का गळतात ते पुढच्या महिन्यात, रागावू नका. कोणाचंही नाव, कॉलेज, डिपार्टमेंट छापत नाहीये, कारण इंदूर कितीही वाढलं तरी आपल्या मराठी मंडळींचं इंदूर एवढंसंच आहे, रामबागेत कोणी शिंकलं की सुदामानगरात हळद-दूध गरम व्हायला लागतं.

प्रश्न : ताई, माझी केमिस्ट्रीत पीएचडी चालू आहे, तिसरं वर्ष. दर सहा महिन्यांनी आरएसीसमोर, म्हणजे रिसर्चवर लक्ष ठेवणाऱ्या सल्लागार कमिटीसमोर, प्रेझेंटेशन असतं. मी चाळीस स्लाइड बनवते, पंधरा मिनिटं मिळतात, कशीबशी अर्ध्यापर्यंत पोचते आणि मेन रिझल्ट शेवटी ठेवलेला असतो तो राहूनच जातो. त्यात एक सर दुसऱ्या-तिसऱ्या स्लाइडपासूनच टोकायला लागतात, मग माझा आवाज एकदम बारीक होतो, कधीकधी रडूच येईल असं वाटतं. आमच्याकडे कम्युनिकेशन स्किल्सचं वर्कशॉप पण झालं, स्माइल करा, आय कॉन्टॅक्ट ठेवा, कॉन्फिडन्स वाढवा वगैरे सांगितलं. मला काडीचा फरक पडला नाही. मी मुळातच बुजरी आहे का?
एक स्कॉलर, खंडवा रोड

उत्तर : बुजरी असशीलही, पण तुझी अडचण ती नाहीये. तुझी अडचण त्या चाळीस स्लाइड आहेत. साधा हिशोब कर, माणूस नीट समजेल असं बोलतो तेव्हा मिनिटाला सव्वाशेच्या आसपास शब्द होतात, म्हणजे पंधरा मिनिटांत दोन हजारसुद्धा होत नाहीत, टाइप केलेली चार-पाच पानं. त्यात लिटरेचर रिव्ह्यू, ऑब्जेक्टिव्ह, मटेरिअल, मेथड हे सगळं परत सांगत बसलीस तर पंगतीत पुरणपोळी आणायच्या आधीच लोक हात धुवायला उठणार. आणि हे सगळं त्याच कमिटीने सहा महिन्यांपूर्वी ऐकलेलं आहे गं.

थिसिसचा क्रम आणि बोलण्याचा क्रम एकच पाहिजे असं आपल्याला कोणी शिकवलं कोण जाणे. उलटं कर. तुझा विषय तू लिहिलेला नाहीस, पण समज पाण्यातला रंग काढण्याचं काम आहे (केमिस्ट्रीत दर दुसरी मुलगी मेथिलीन ब्लू या रंगाच्या मागे लागलेली असते म्हणून अंदाजाने घेतलं), तर नमस्कार झाल्यावर पहिलंच वाक्य असं, "सोयाबीनच्या भुशापासून केलेला कोळसा पाण्यातला रंग शोषून घेतो हे मागच्या वेळी दाखवलं होतं, या सहा महिन्यांत असं दिसलं की तोच कोळसा धुऊन पुन्हा वापरता येतो." झालं. आता सरांनी तिसऱ्या स्लाइडला टोकलं काय आणि दहाव्या मिनिटाला चहा आला काय, तुझं काम सांगून झालेलं आहे, बाकीच्या स्लाइड त्या वाक्याचा पुरावा म्हणून येतात. दहा-बारा पुष्कळ झाल्या. उरलेल्या फेकू नकोस, थँक यूच्या स्लाइडनंतर ठेव, कोणी कॅलिब्रेशनचं विचारलं की तिथे जाऊन उघडायची, लोकांना वाटतं पोरगी किती तयारीने आली आहे.

हे एक वाक्य सापडायला वेळ लागतो, वर्कशॉपमध्ये खरं तर दिवसभर हेच करून घ्यायला पाहिजे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड युनिव्हर्सिटीने २००८ मध्ये 'थ्री मिनिट थिसिस' नावाची स्पर्धा सुरू केली, आता जगभर चालते, त्यात पूर्ण पीएचडी तीन मिनिटांत सांगायची आणि स्लाइड फक्त एक, तीही न हलणारी. स्पर्धेत जा किंवा नको जाऊस, घरी मोबाइलवर तीन मिनिटांचा टायमर लावून बोलून बघ. पहिल्या वेळेस तीन मिनिटं प्रस्तावनेतच संपतील. संपू दे. परत लाव.

आता ते टोकणारे सर. टोकणं तीन तऱ्हेचं असतं. एक खरोखर कळलं नाही म्हणून, त्याला एका ओळीत उत्तर दे आणि पुढे चल. दुसरं, जे पुढे येणारच आहे ते आत्ताच विचारणं, त्याला "सर, दोन स्लाइडनंतर तेच आहे" म्हणायचं आणि न थांबता पुढचं वाक्य सुरू करायचं, त्यांच्या परवानगीची वाट बघत तोंडाकडे बघत उभं राहायचं नाही. आणि तिसरं म्हणजे सरांचं स्वतःचं भाषण, ज्याच्या शेवटी प्रश्नचिन्हच नसतं, तिथे वही उघडून लिहून घे, "नोट केलं सर, शेवटी यावर बोलूया." लिहून घेतलेलं दिसलं की माणूस शांत होतो, हे मी आयुष्यभर बघत आले आहे. शिवाय प्रेझेंटेशनच्या आधीच गाइडना सांग की प्रश्न शेवटी घेतले तर बरं, आणि हे सगळ्यांसमोर त्यांनीच म्हणायचं, तू नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत आरएसीचं काम प्रगती बघणं आणि पुढचं मार्गदर्शन करणं असंच लिहिलेलं आहे, ती कमिटी तुझी आहे, कोर्ट नाही.

आणि हे फक्त तुझ्याच बाबतीत होतं असं समजू नकोस. २०१७ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास छापून आला, दोन युनिव्हर्सिट्यांत इंजिनिअरिंगच्या नोकरीसाठी उमेदवारांनी दिलेली भाषणं व्हिडिओवरून तपासली, तर पुरुषांपेक्षा बायकांना एकूण प्रश्न जास्त आले, एका प्रश्नाला जोडून दुसरा असे तर जास्तच, आणि त्यांच्या वेळातला मोठा भाग ऐकणाऱ्यांनीच खाल्ला. म्हणून वेळ पंधरा मिनिटं असेल तर तयारी अकराचीच ठेव.

आवाज बारीक होतो तो श्वास वरच्या वर राहतो म्हणून. पाण्याची बाटली जवळ ठेव, एक घोट घे, घोट घेताना कोणी काही म्हणत नाही आणि श्वास खाली जातो. रडू आलंच तर स्क्रीनकडे वळून स्लाइडवरचा एखादा आकडा मोठ्याने वाच. आकडा वाचताना रडता येत नाही, करून बघ.

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी शाजापूर जिल्ह्यातली, घरी मराठी, शाळा-कॉलेज पूर्ण हिंदी मीडियम. आता इंदूरला लाइफ सायन्समध्ये पीएचडी करून राहिले आहे. प्रयोग माझे चांगले होतात, गाइडही म्हणतात. पण कॉन्फरन्समध्ये इंग्लिश बोलताना अटकते. बाकीच्या मुली कॉन्व्हेंटच्या आहेत. पूर्ण स्पीच पाठ केलं होतं, मधेच एक वाक्य विसरले तर पुढचं सगळंच गेलं.
भंवरकुआं

उत्तर : पूर्ण पाठ करू नकोस. पहिली तीन वाक्यं आणि शेवटची दोन, एवढी पाठ, अगदी झोपेतून उठवलं तरी म्हणता आली पाहिजेत अशी. मधलं पाठ नाही करायचं, मधे स्लाइड आहेत ना आठवण करून द्यायला. प्रत्येक स्लाइडचं हेडिंग 'रिझल्ट्स' असं न ठेवता पूर्ण वाक्य ठेव, म्हणजे अटकलीस तर हेडिंग वाचायचं, ते वाक्यच तुझं बोलणं होतं. वाक्यं छोटी, एका वाक्यात एकच गोष्ट. ते 'विच'-'दॅट' लावून लांबलचक वाक्यं करायला कॉन्व्हेंटवाल्या पण धडपडतात, फक्त त्यांचं धडपडणं फास्ट असतं म्हणून कळत नाही. तुझ्या विषयातले वीस-पंचवीस कठीण शब्द, एन्झाइमची नावं, जिवाणूंची लॅटिन नावं, यांचे उच्चार मात्र पक्के कर, कुठल्याही डिक्शनरीच्या अ‍ॅपवर ऐकायला मिळतात. व्याकरण चुकलं तर लोक सोडून देतात, विषयातला शब्द चुकला तर त्यांना वाटतं विषयच येत नाही. अन्याय आहे, पण आहे.

प्रश्न नाही कळला तर "तुम्ही अमुक विचारताय का?" असं म्हणून आपल्या शब्दांत परत विचार. याने तीन कामं होतात, वेळ मिळतो, मागे बसलेल्यांना प्रश्न ऐकू येतो, आणि प्रश्न थोडा आपल्या बाजूला वळवता येतो (हे शेवटचं मी म्हटलं म्हणून कोणाला सांगू नकोस). व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एखादं उत्तर इंग्लिशमध्ये अडलंच तर "सर, हे हिंदीत सांगू का?" असं सरळ विचार. इंदूरचे परीक्षक स्वतःच चौथ्या मिनिटाला हिंदीवर येतात.

प्रश्न : माझी सून लेझरवर पीएचडी करते. आम्ही सगळे तिचं कौतुकच करतो. पण शेजारपाजारच्या विचारतात सून काय करते तर मला सांगता येत नाही, आणि तिला विचारलं तर ती म्हणते आई तुम्हाला नाही समजणार. मी काय करू?
एक सासूबाई, लोकमान्यनगर

उत्तर : काकू, पोस्टकार्ड तुमचंच, अक्षर किती सुरेख आहे हो. सुनेला म्हणावं, मला समजत नसेल तर दोष माझा नाही. खरंच सांगते, ज्या मुलीला आपलं काम सासूबाईंना मराठीत सांगता येतं तिला ते कुठल्याही सिलेक्शन कमिटीला सांगता येतं, कारण कमिटीतले पाचपैकी चार जण तिच्या विषयातले नसतातच. रोज रात्री भांडी आवरताना दहा मिनिटं घ्या, तिने बोलायचं, तुम्ही न समजलेल्या जागी "थांब" म्हणायचं, बस. "लेझर म्हणजे तो मोतीबिंदूवाला का?" असं विचारलंत तरी चालेल, तिला तिथून सुरुवात करता येईल. लिहायची आवड असेल तर भारत सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २०१८ मध्ये 'अवसर' नावाची स्पर्धाच काढली, पीएचडी करणाऱ्यांनी आपलं संशोधन सामान्य माणसाला कळेल असं लिहायचं आणि त्याला बक्षीस. मराठीत लिहायचं तर मुंबईची मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून आहे, तिची पत्रिकाही आहे. आणि एक विनंती, तिच्या सेमिनारच्या आदल्या संध्याकाळी घरी पाहुणे जेवायला बोलावू नका. तुम्ही बोलावता असं म्हणत नाही हं.

प्रश्न : मी स्वतः गाइड आहे, माझ्याकडे सध्या चार मुली आणि दोन मुलं पीएचडी करत आहेत. लॅब मीटिंगमध्ये मुलंच बोलतात. मुली नंतर केबिनमध्ये येऊन एकदम उत्तम मुद्दे सांगतात. त्यांच्यासाठी पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा ट्रेनर बोलवावा असा विचार आहे. योग्य राहील ना?
एक प्राध्यापक, इंदूर

उत्तर : सर, तुम्ही विचारलंत याचंच मला बरं वाटलं, म्हणून स्पष्ट बोलते. केबिनमध्ये उत्तम मुद्दे सांगतात म्हणजे बोलता येतंच आहे. जे केबिनमध्ये येतं ते मीटिंगमध्ये येत नसेल तर ट्रेनिंग मीटिंगला पाहिजे, मुलींना नाही.

२०१८ मध्ये 'प्लॉस वन' या जर्नलमध्ये एक पेपर आला होता, १० देशांतल्या ३५ संस्थांमधले २४७ सेमिनार बसून मोजले होते. सेमिनारनंतरचा प्रश्न बाईपेक्षा पुरुषाकडून येण्याची शक्यता अडीच पटीहून जास्त निघाली, आणि खोलीत बायका भरपूर असतानाही हे असंच. मला त्यातलं सगळ्यात कामाचं वाटलं ते हे, की पहिला प्रश्न पुरुषाने विचारला की त्यानंतर बायकांचे प्रश्न आणखी कमी होतात. म्हणजे तुमच्या हातात किती सोपी गोष्ट आहे बघा, पहिला प्रश्न मुलीला विचारू द्या. "सोनल, तू सुरू कर" (नाव असंच घेतलं) एवढंच. आणि भाषण संपल्यासंपल्या "एनी क्वेश्चन्स?" म्हणून पहिला वर झालेला हात घेऊ नका, मिनिटभर थांबा, लोकांना कागदावर प्रश्न लिहू द्या. पाहुणे वक्ते आले की डिपार्टमेंटचे सगळ्यात सिनिअर सर आधी बोलणार, मग त्यांच्या खालचे, मग चहा, ही जी आपली पद्धत आहे ना, त्यात पीएचडीच्या पोरींचा नंबर समोसे संपल्यावर लागतो. स्कॉलर्सचे प्रश्न आधी, फॅकल्टीचे नंतर, असं एकदा जाहीर करून बघा, मुलंही सुखी होतील.

तुमची विद्यार्थिनी तिच्या पोस्टरपाशी किंवा पोडियमवर उभी असताना कोणी प्रश्न विचारला तर तुम्ही उत्तर देऊ नका. जीभ चावा हवं तर. ती पाच सेकंद थांबते ते विचार करायला थांबते, तुम्ही मधे पडलात की समोरच्याला वाटतं काम सरांचंच आहे. मागच्या पत्रातल्यासारखं झालं, एकीचा मुद्दा दुसऱ्याच्या नावावर चालला, तर तिथल्या तिथे म्हणा, "हो, हे मघाशी तिने म्हटलं होतं, तिलाच पुढे विचारूया." यात कोणाचा अपमान होत नाही.

आता थोडं बोचणारं. कॉन्फरन्स असली की मुलींना काय काम असतं? सरस्वती वंदना, दिव्याचं तबक, बुके, रजिस्ट्रेशन डेस्क, आणि सूत्रसंचालन. माइक त्यांच्याच हातात असतो की दिवसभर! "अब मैं आमंत्रित करती हूँ" म्हणताना एकीचाही आवाज बारीक होत नाही. तोच माइक सेशन चेअर करायला द्या, पॅनलवर द्या. २०२० मध्ये दोन भारतीय शास्त्रज्ञ बायकांनी 'बायसवॉच इंडिया' सुरू केलं, देशातल्या सायन्स कॉन्फरन्सेसमध्ये वक्त्यांत बायका किती आहेत ते त्या मोजून जाहीर करतात. तुमच्या पुढच्या पोस्टरवर ते वीस टायवाले फोटो छापायच्या आधी एकदा मोजून घ्या.

आणि सर, रेकमेंडेशन लेटर. २००३ मध्ये अमेरिकेतल्या एका मेडिकल स्कूलला आलेल्या तीनशेच्या वर शिफारसपत्रांचा अभ्यास झाला होता, बायकांसाठीची पत्रं आखूड निघाली, आणि त्यात शंका घालणारी वाक्यं जास्त. आपल्याकडे तर "शी इज सिन्सिअर, हार्डवर्किंग अँड ओबिडिएंट" ही ओळ कॉपी-पेस्टच आहे. ओबिडिएंट शास्त्रज्ञ कोणाला पाहिजे? तिने काय शोधलं, कुठलं तंत्र स्वतः बसवलं ते लिहा.

प्रश्न : कॉलर माइकचा डबा कुठे अडकवायचा? कुर्त्याला बेल्ट नसतो, साडी नेसली तर पदर घासून खरखर आवाज येतो. हसू नका.

उत्तर : हसत नाहीये, हा या महिन्यातला सगळ्यात शहाणा प्रश्न आहे, त्या सगळ्या माइकच्या वस्तू शर्ट-पँटवाल्या माणसासाठी बनवलेल्या आहेत. साडी असेल तर डबा मागे कमरेला, परकराच्या नाडीपाशी पक्का अडकवायचा आणि माइक पदराच्या बाजूला न लावता दुसऱ्या बाजूला ब्लाउजच्या गळ्याला, मंगळसूत्र आणि लांब माळ त्या दिवशी बाजूला किंवा पिन लावून. कुर्ता असेल तर खिसा असलेलाच घाल. सगळ्यात बरं म्हणजे हातातला माइक माग, हनुवटीजवळ धर, छातीपाशी नाही. पोडियमचा माइक आधीच्या उंच माणसाने वर केलेला असतो, बोलायला सुरुवात करायच्या आधी सावकाश खाली कर, लोक थांबतात. आणि खोली छोटी आहे, माइक नको, असं कोणी म्हटलं तरी घे.

प्रश्न : ताई, परदेशात पोस्टडॉकसाठी (पीएचडीनंतरचं संशोधनाचं काम) पन्नासेक प्रोफेसरांना मेल टाकले, दोघांचंच उत्तर आलं, तेही नाही म्हणून. सोबत मेल आणि माझ्या पेपरचा सारांश म्हणजे अ‍ॅब्स्ट्रॅक्ट पाठवते आहे, बघाल का?
विजयनगर

उत्तर : बघितला. मेलची सुरुवात "रिस्पेक्टेड सर" आणि ज्यांना पाठवला त्यातल्या कितीतरी मॅडम असतील. मग ओळख, मग दहावी-बारावीचे मार्क (कशाला गं!), मग "युअर एस्टीम्ड लॅबोरेटरी", आणि तुझं खरं काम चौथ्या पॅरामध्ये. त्यांच्या मोबाइलच्या स्क्रीनवर चौथा पॅरा येतच नाही. विषयाच्या ओळीतच तुझं तंत्र आणि त्यांचा विषय दोन्ही दिसू दे. पहिलं वाक्य, तू काय शोधलंस. दुसरं, त्यांच्या कुठल्या पेपरशी त्याचा संबंध लागतो, आणि तो पेपर वाचलेला असू दे, कारण इंटरव्ह्यूत तेच विचारतात. तिसरं, तुला कधीपासून यायचं आहे आणि फेलोशिपसाठी कुठे अर्ज करायची तयारी आहे. सीव्ही जोड. एवढंच, दीडशे शब्दांत. पन्नास जणांना एकच मेल पाठवण्यापेक्षा आठ जणांना आठ वेगळे पाठव.

अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये "अ‍ॅन अटेम्प्ट हॅज बीन मेड" असं दोनदा आहे. नुसता प्रयत्न केला की काम झालं ते सांग ना! तुझ्या टेबलवरून तर झालेलं दिसतंय. २०१९ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलमध्ये वैद्यकीय संशोधनाच्या लाखभर पेपरांची शीर्षकं आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्ट तपासलेला अभ्यास आला, पहिली आणि शेवटची दोन्ही लेखक बायका असलेल्या पेपरांत 'नॉव्हेल', 'युनिक' असे शब्द १२.३ टक्क्यांनी कमी सापडले, आणि असे शब्द असलेल्या पेपरांना सायटेशन (दुसऱ्यांच्या पेपरांत येणारे उल्लेख) जास्त मिळतात असंही दिसलं. आता याचा अर्थ सगळ्यांनी उठून नॉव्हेल नॉव्हेल करत सुटायचं असा मी घेत नाही, पुरुषांनी जरा कमी केलं तरी जगाचं भलंच होईल. पण जे पहिल्यांदा केलंस ते पहिल्यांदा केलं म्हणून लिही, तिथे लाजू नको.

प्रश्न : असिस्टंट प्रोफेसरच्या इंटरव्ह्यूत मला विषयाचे दोन प्रश्न विचारले आणि लग्न, मूल, मिस्टरांची बदली यावर दहा मिनिटं. एक जण म्हणाले, "मॅडम, लेडीज को लेते हैं, फिर वो छुट्टी पे चली जाती हैं।" मी हसून गप्प बसले. काय बोलायला पाहिजे होतं?

उत्तर : हसून गप्प बसलीस यात तुझं काही चुकलं नाही, नोकरी मागायला गेलेल्या माणसाने भांडायला पाहिजे अशी अपेक्षा करणारे स्वतः कधी भांडलेले नसतात. पुढच्या वेळेस एक छोटं उत्तर तयार ठेव आणि लगेच विषयाकडे वळ, "घरची व्यवस्था झालेली आहे सर. पहिल्या दोन वर्षांत मला इथे काय करायचं आहे ते सांगू का?" आणि मग थांबू नकोस, सांगूनच टाक, कुठला कोर्स शिकवशील, लॅबमध्ये आधी काय लागेल, कुठल्या फंडिंगला अर्ज करशील. हे दीड मिनिटाचं बोलणं घरी आरशासमोर नाही, माणसासमोर म्हणून बघ. सुट्टीचा विषय निघालाच तर ती उपकार म्हणून मिळत नाही, नियमात आहे. पीएचडीतसुद्धा यूजीसीच्या नियमांत बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे आणि बायकांना मुदतही दोन वर्षं जास्त मिळू शकते, कितीतरी मुलींना हे माहीतच नसतं आणि ऑफिसवाले सांगत नाहीत.

या निमित्ताने कमला सोहोनींबद्दल लिहायचा मोह आवरत नाही. माहेरच्या भागवत, दुर्गाबाईंची धाकटी बहीण, जन्म १९११ चा, आपल्या इंदूरचा. वडील आणि काका दोघेही बंगलोरच्या टाटांच्या त्या इन्स्टिट्यूटमध्ये (आताची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स) शिकलेले केमिस्ट. १९३३ मध्ये मुंबईची बीएससी उत्तम मार्कांनी झाल्यावर तिने तिथेच अर्ज केला, आणि संचालक होते सर सी. व्ही. रामन, नोबेल मिळालेले. त्यांनी मुलगी म्हणून नाही म्हटलं. ती गेली आणि कारण विचारत राहिली, हटलीच नाही, शेवटी घेतलं, पण एक वर्ष प्रोबेशनवर, आणि तिच्यामुळे बाकीच्यांचं लक्ष विचलित होऊ नये वगैरे अटी घालून. वर्षाने काम बघून पूर्ण प्रवेश मिळाला आणि त्यानंतर तिथे मुलींना घ्यायला लागले. पुढे केंब्रिज, बटाट्यावर काम करता करता वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे श्वसनाला लागणारं प्रथिन असतं हे दाखवलं, १९३९ मध्ये पीएचडी, आणि तिचा थिसिस म्हणे चाळीसेक पानांचाच होता. मला या सगळ्या गोष्टीत ते "कारण सांगा" म्हणणं फार आवडतं. ती आपण किती हुशार आहोत ते पटवत बसली नाही, नाही का म्हणता तेवढं विचारत राहिली. तुझ्या इंटरव्ह्यूचा निकाल लागला की तूही मार्कांचा तपशील माग, सरकारी संस्था असेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज कर.

प्रश्न : प्रेझेंटेशन छान झालं पण नंतर एक सर म्हणाले, "आज स्लाइडकडे कोण बघत होतं, सगळे तुझ्याकडेच बघत होते." असं तिसऱ्यांदा झालं. यावर हजरजबाबी उत्तर काय द्यावं?

उत्तर : हा कम्युनिकेशनचा प्रश्नच नाही, म्हणून हजरजबाबी उत्तर शोधायचं नाही. तारीख, वेळ, शब्द, कोण हजर होतं, हे आजच लिहून ठेव, आणि तुमच्या संस्थेच्या अंतर्गत समितीकडे लेखी दे. २०१३ च्या कायद्याने ती समिती असायलाच पाहिजे, आणि तक्रार शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. एकटीने जायचं नसेल तर मैत्रिणीला सोबत ने.

प्रश्न : एक कोर्स आहे, 'लीडरशिप कम्युनिकेशन फॉर विमेन', वीकेंडला दोन दिवस, फी पंधरा हजार, हॉटेलात आहे, सर्टिफिकेट मिळतं. फेलोशिपचे पैसे आत्ताच आले आहेत, भरू का?

उत्तर : आधी त्यांना फोन करून विचार की दोन दिवसांत मी स्वतः उभी राहून किती वेळा बोलणार आणि त्याचं रेकॉर्डिंग बघून मला कोण सांगणार. उत्तर "मॅडम, बहुत इंटरॅक्टिव्ह है" असं आलं तर पैसे ठेव. रिसर्चवाल्यांसाठी खास असं शिकायचं असेल तर संशोधनाला पैसे देणारी 'इंडिया अलायन्स' ही संस्था विज्ञान संवादाची वर्कशॉप्स घेत आली आहे, बंगलोरच्या 'इंडिया बायोसायन्स'ने ऑनलाइन कोर्स काढलेला आहे, दोन्ही मुख्यतः जीवशास्त्राकडचे, पण पेपर लिहिणं आणि भाषण देणं सगळीकडे सारखंच. त्यांच्या वेबसाइटवर लक्ष ठेव.

आणि नाहीतर पाच-सहा जणी मिळून आपलंच सुरू करा. टोस्टमास्टर्स नावाचे क्लब असतात ना, अमेरिकेत १९२४ पासून चालत आलेले, त्यांची पद्धत उचला. एक जण घड्याळ बघणार, एक जण "अं... मतलब... अ‍ॅक्च्युअली..." किती वेळा आलं ते मोजणार, एक जण नंतर दोनच गोष्टी सांगणार, काय कळलं आणि कुठे हरवलो. कौतुक करायला वेगळी माणसं असतात, इथे नको. विषय वेगवेगळे असू देत, फिजिक्सवाली, इकॉनॉमिक्सवाली, मराठी साहित्यावर पीएचडी करणारी पण घ्या, तिला तर कोणी बोलवतच नाही. शनिवारी सकाळी रिकामी क्लासरूम मिळते, एचओडींना एक अर्ज द्यावा लागेल. पोह्यांचा खर्च वाटून घ्या.